देवी काढण्याचा वाद

मराठी भाषेत एका भयंकर रोगाला आणि त्या रोगाच्या निवारणाला एकच शब्द आहे. रोग झाला म्हणजे ‘देवी आल्या’ आणि तो होऊ नये म्हणून लहान मुलाच्या दंडावर लस टोचली म्हणजे ‘देवी काढल्या’. गावोगाव हिंडून लस टोचणाऱ्या सरकारी माणसालाही लोक ‘देवी डॉक्टर’ म्हणत. उत्तरेकडे याच रोगाला ‘माता’ म्हणतात, तमिळ मुलखात ‘अम्मै’, आणि बंगालमध्ये तो वसंत ऋतूत येतो म्हणून ‘बसंत’. नावे निरनिराळी असली तरी या देशातील बहुतेक प्रांतांत तो नुसता रोग मानला गेला नाही. ते एका देवतेचे घरी येणे होते. ती रागीट असली तरी पाहुणी होती. ती आली की दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या लागत, स्वयंपाकात फोडणी बंद होई, घरातले आवाज हळू होत, आणि परक्या माणसाला उंबऱ्याबाहेर थांबविले जाई. शीतळा सप्तमीला चूल न पेटविता आदल्या दिवशीचे थंड अन्न खाण्याचा रिवाज याच भावनेतून आलेला आहे.

या पाहुणीला सरकारी हुकुमाने दाराबाहेर काढावयाचे ठरले तेव्हा लोकांनी काय केले आणि का केले, हा प्रश्न समजून घेण्यासारखा आहे. ‘लोक अडाणी होते’ एवढे उत्तर देऊन तो संपत नाही. तसे असते तर इंग्लंडसारख्या साक्षर देशात लसीविरुद्ध मोर्चे निघालेच नसते.

एडवर्ड जेन्नर याने १७९६ साली गाईच्या देवीतील द्रव एका मुलाच्या हातावर टोचला, आणि १७९८ साली आपला शोध प्रसिद्ध केला. त्यानंतर चारच वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वी झालेली ही पहिली लस. ती येथवर आली कशी, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या काळी लस बाटलीतून फार दिवस टिकत नसे. एका मुलाला टोचावयाची, आठव्या दिवशी त्याच्या दंडावरचा फोड फोडून त्यातील द्रव दुसऱ्या मुलाला टोचावयाचा, अशी मुलांच्या दंडांची साखळी करीतच ती बगदाद-बसऱ्याच्या वाटेने मुंबईस पोहोचली. मुंबईतून ती त्याच रीतीने पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पुढे गेली.

आता हीच रीत एखाद्या आईच्या बाजूने पाहावी. आठवड्यापूर्वी तिच्या मुलाला टोचलेले असते. हात सुजलेला असतो, अंगात ताप असतो. तेवढ्यात तो सरकारी माणूस पुन्हा येतो, आणि मुलाचा फोड चिरून त्यातील द्रव गावातील दुसऱ्या मुलांसाठी नेतो. ती दुसरी मुले कोणत्या जातीची, निरोगी की रोगी, हे तिला ठाऊक नसते. तिच्या मुलाला टोचलेला द्रव कोणाच्या दंडावरून आला होता, हेही तिला कोणी सांगितलेले नसते. यात जातीचा विटाळ मानण्याची वृत्ती होतीच, आणि तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु दंडाहून दंडाला टोचण्याच्या या पद्धतीतून उपदंशासारखे रोग कधी कधी पसरत, हेही खरे होते. युरोपातील वैद्यांनीच ते पुढे मान्य केले. आईची भीती शास्त्राच्या भाषेत नव्हती, एवढाच तिचा दोष. पुढे वासराच्या अंगावर लस तयार करण्याची पद्धत आली. रोग पसरण्याचा धोका टळला, पण गाईच्या जातीला इजा करून काढलेला द्रव आपल्या मुलाच्या अंगात नको, असा नवा आक्षेप उभा राहिला.

शिवाय या देशाला टोचणे नवे नव्हते. बंगालमध्ये आणि पूर्वेकडील प्रांतांत टीकादार नावाचे लोक पिढ्यान् पिढ्या खऱ्या देवीचा द्रव टोचीत असत. जे. झेड. हॉलवेल या इंग्रज वैद्याने १७६७ साली त्यांच्या पद्धतीचे वर्णन लिहिले आहे. उन्हाळा चढण्यापूर्वी हे लोक येत, आदल्या वर्षी जपून ठेवलेला द्रव गंगाजलात भिजवून टोचीत, पथ्य सांगत, पूजा करीत. त्यात मूल दगावण्याचा संभव होता, पण नैसर्गिक देवीच्या मानाने पुष्कळच कमी. आणि एकदा टोचले की जन्माची काळजी मिटे. उलट जेन्नरची लस आयुष्यभर पुरत नाही, काही वर्षांनी पुन्हा टोचावी लागते, हे ध्यानी येण्यास बराच काळ गेला. लस टोचलेल्या तरुणाला देवी आल्या म्हणजे गावाने सरकारवर विश्वास का ठेवावा? टीकादारांच्या रीतीत मात्र एक मोठे वैगुण्य होते. टोचलेल्या माणसाकडून खऱ्या देवीची लागण शेजाऱ्यांना होई. म्हणून ती बंद करणे योग्यच होते. पण ती बंद झाली कायद्याने. १८८० च्या कायद्याने ठराविक शहरांत व छावण्यांत जुनी रीत गुन्हा ठरली आणि मुलांना लस टोचणे सक्तीचे झाले. ओळखीचा टीकादार गेला आणि त्याच्या जागी पूजा नाही, पथ्य नाही, हातात फक्त नोंदवही असलेला माणूस आला.

इंग्लंडमध्ये १८५३ साली प्रत्येक अर्भकाला तीन महिन्यांच्या आत लस टोचण्याची सक्ती झाली, आणि १८६७ च्या कायद्याने ती आणखी कडक केली. लस न टोचणाऱ्या बापाला दंड होई. तो भरूनही त्याने ऐकले नाही, तर पुन्हा दंड होई. पैसेवाला दंड भरून मोकळा होई. मजुराच्या घरातील सामान जप्त होई, नाहीतर तो तुरुंगात जाई. त्यातून हे काम गरिबांच्या मदतीची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळांकडे दिलेले होते. ज्या दारात भुकेपोटी मान खाली घालून जावे लागे, त्याच दारातून हा हुकूम येत होता. १८७१-७२ च्या साथीत इंग्लंड व वेल्समध्ये चाळीस हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि इतकी सक्ती करून उपयोग काय, असे लोक विचारू लागले. २३ मार्च १८८५ रोजी लीस्टर शहरात प्रचंड मोर्चा निघाला. त्यात एक लहान मुलाची शवपेटी होती आणि जेन्नरचा पुतळा होता. विरोधकांत सारे अशिक्षित होते असेही नाही. डार्विनच्या बरोबरीने उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस हा लसीचा कट्टर विरोधक होता, आणि नाटककार बर्नार्ड शॉही.

सात वर्षे एक शाही आयोग बसला. त्याने १८९६ साली सांगितले की लस उपयोगी आहे, परंतु वारंवार शिक्षा करणे बंद करावे. १८९८ साली कायदा बदलला, आणि सदसद्विवेकबुद्धीने लस नाकारणाऱ्या पालकाला सूट मिळाली. युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्यांच्या संबंधात पुढे जो शब्दप्रयोग जगभर गाजला, तो इंग्लंडच्या कायद्यात प्रथम आला तो या चिमुकल्या दंडांच्या निमित्ताने.

लीस्टरने मात्र नुसता नकार दिला नाही. देवीचा रोगी आढळला की ताबडतोब वर्दी द्यावयाची, रोग्याला वेगळे ठेवावयाचे, त्याच्या सहवासात आलेल्यांवर नजर ठेवावयाची, घर स्वच्छ करावयाचे, अशी पद्धत त्या शहराने बसविली. तिने साथ पुष्कळ आवरली. लसीचे विरोधक याचा मोठा गाजावाजा करीत. रुग्णालयातील सेवकवर्गाला लस टोचलेली असे, ही गोष्ट सांगण्याचे ते विसरत. पण पद्धत चांगली होती, आणि तिचे स्मरण पुढे व्हावयाचे होते.

हिंदुस्थानात या वादाला सर्वांत जड वजन आले ते महात्मा गांधींच्या मतामुळे. लस टोचणे ही त्यांना अस्वच्छ आणि हिंसेवर आधारलेली गोष्ट वाटे, आणि आरोग्यावरील आपल्या लेखनात त्यांनी तसे स्पष्ट लिहिले होते. १९३० च्या आरंभी, दांडीयात्रेच्या थोडे आधी, साबरमतीच्या आश्रमात देवीची साथ आली आणि तीन मुले दगावली. गांधीजींना याचे दुःख फार झाले. तरीही त्यांनी आपले मत सोडले नाही. त्यांची निष्ठा खोटी नव्हती. पण देवीचा विषाणू निष्ठा पाहून घरात शिरत नाही, आणि मताची किंमत ज्यांनी मोजली त्या मुलांना कोणी मत विचारलेले नव्हते. लस नाकारण्याच्या हक्काविषयी जेव्हा जेव्हा बोलले जाते, तेव्हा या एका ठिकाणी युक्तिवाद अडखळतो. हक्क बापाचा असतो, दंड मुलाचा असतो.

याच्या उलट एक उदाहरण स्वातंत्र्यानंतरचे आहे, आणि तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. क्षयाविरुद्धच्या बी.सी.जी. लशीची मोठी मोहीम देशात सुरू झाली तेव्हा १९५५ साली चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिला जाहीर विरोध केला. कोट्यवधी शाळकरी मुलांना जी लस टोचावयाची, तिचा उपयोग पुरेसा सिद्ध झालेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वैद्यकीय जगाने त्यांना उडवून लावले. पुढे १९६८ पासून मद्रासजवळ चेंगलपट्टू जिल्ह्यात या लशीची फार मोठी चाचणी झाली. पहिले निष्कर्ष १९७९-८० च्या सुमारास हाती आले, तेव्हा मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ही लस संरक्षण देत नाही, असे दिसून आले. तान्ह्या मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून मात्र ती वाचविते. म्हणूनच ती आजही जन्मतःच टोचतात. राजाजींचे सर्वच आक्षेप खरे ठरले असे नव्हे. परंतु त्यांनी पुरावा मागितला होता, आणि पुरावा मागणारा प्रत्येक जण लसीचा शत्रू असतो असे समजणाऱ्या सरकारी खात्यांना हे प्रकरण आठवणीत ठेवण्यासारखे आहे.

देवीच्या बाबतीत पुराव्याची उणीव नव्हती, उणीव होती ती शेवटच्या घरापर्यंत पोहोचण्याची. १९६२ साली राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. लक्षावधी लोकांना टोचले गेले, आकडे फुगत गेले, आणि रोग तसाच राहिला. कारण जे सहज सापडत त्यांनाच पुनःपुन्हा टोचले जाई. १९७३ पासून पद्धत बदलली. रोग्याचे चित्र हातात घेऊन कार्यकर्ते घरोघर विचारू लागले, ‘असे कोणी आजारी आहे काय?’ सापडलेल्या रोग्याच्या घरावर पहारा आणि भोवतालच्या सर्वांना लस. लीस्टरची पद्धत आणि जेन्नरची लस यांची येथे शंभर वर्षांनी जोडी जमली. दोन टोके असलेली नवी सुईही आली होती. तिने लस थोडी लागे आणि शिकायला सोपी. तरीही १९७४ साल भयंकर गेले. देशात त्या वर्षी सुमारे १ लाख ८८ हजार रोगी नोंदले गेले आणि ३१ हजारांवर माणसे मेली. त्यानंतर साथ झपाट्याने ओसरली. १९७५ साली रोगी दाखविणाऱ्याला एक हजार रुपये बक्षीस जाहीर झाले. त्या वर्षीच्या मे महिन्यानंतर या देशात देवीचा रोगी आढळलेला नाही. १९८० साली सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

ही कहाणी सांगताना एक पान बहुधा उलटून टाकले जाते. शेवटच्या त्या दोन वर्षांत काही ठिकाणी लोकांना धरून, दाबून, दारे मोडून लस टोचण्यात आली. तीस वर्षांनी पश्चिम उत्तर प्रदेशात पोलिओचे थेंब नाकारले जाऊ लागले, तेव्हा ‘आमच्याकडे गटारे नाहीत, औषधे नाहीत, आणि हे थेंब घेऊनच सरकार पुनःपुन्हा दारी का येते?’ असा प्रश्न लोक विचारीत. त्या वेळी बळ वापरले गेले नाही. मौलवी, शिक्षक, मोहल्ल्यातील बायका यांना बरोबर घेऊन दारोदार बोलावे लागले. वेळ लागला. देशातील पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये सापडला.

बळाने टोचण्याचा एक प्रसंग लॉरेन्स ब्रिलियंट या अमेरिकन वैद्याने, जो त्या वेळी निर्मूलनाच्या कामावर भारतात होता, आपल्या पत्नीसह लिहून ठेवला आहे. स्थळ आहे तेव्हाच्या बिहारातील सिंगभूम, हो आदिवासींचा मुलूख. तेथील एका पुढाऱ्याने लस घेण्याचे साफ नाकारले होते. मध्यरात्री सरकारी पथकाने त्याच्या झोपडीचे बांबूचे दार मोडले. तो कुऱ्हाड घेऊन धावला. पोलिसांनी त्याला जमिनीवर दाबून धरले आणि त्याच्या दंडात लस टोचण्यात आली. त्याने जखमेवर तोंड लावून लस चोखून काढण्याचा प्रयत्न केला, आणि छपराचा बांबू उपसून तो पुन्हा अंगावर आला. त्याची बायको एका डॉक्टरच्या हाताला कडकडून चावली. अखेर घरातील प्रत्येकाला टोचून झाले. मग अंगणात दोन्ही बाजू धापा टाकीत समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि कोणी काही बोलेना.

थोड्या वेळाने तो पुढारी आपल्या परसातील वेलाकडे गेला. त्यावर एकच पिकलेली काकडी उरली होती. ती त्याने तोडली आणि आपल्या बायकोने ज्याचा हात चावला होता त्याच डॉक्टरच्या हाती ठेवली. पथकातील दुभाष्याने त्याचे बोलणे समजावून सांगितले. त्याचा आशय असा की, रोग कोणाला व्हावा हे देव ठरवितो. त्याच्या इच्छेच्या आड येणाऱ्या सुयांना विरोध करणे हा आपला धर्म होता आणि तो आपण पाळला. टोचणे हा तुमचा धर्म, असे तुम्ही म्हणता. तोही तुम्ही पाळला. ते आता संपले. आता तुम्ही माझ्या अंगणातले पाहुणे आहात, आणि पाहुण्याला काही खायला द्यावयाचे तर घरात या काकडीवाचून दुसरे काही नाही.