खारे पाणी आणि मासेमारीच्या साधनांची निगा

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत राज्याच्या सात सागरी जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांचा चरितार्थ समुद्रावर चालतो. शेतकऱ्याच्या घरी जे स्थान नांगर आणि बैलांना, तेच कोळी, गाबीत, दालदी, भोई अशा मच्छीमार समाजांच्या घरी होडी, इंजिन आणि जाळ्यांना आहे. या साधनांत कुटुंबाची सारी शिल्लक गुंतलेली असते. अनेकदा सोसायटीचे किंवा बँकेचे कर्जही त्यांच्यावर असते. अशा स्थितीत पाच वर्षे टिकावयाचे जाळे तीन वर्षांतच निकामी झाले, किंवा ऐन हंगामात इंजिन बंद पडले, तर हप्ते थकतात आणि कुटुंब पुन्हा उसनवारीकडे वळते. म्हणूनच मासळी उतरवून झाल्यानंतर किनाऱ्यावर जो तास-दीड तास साधनांच्या साफसफाईत जातो, तो धंद्याचाच एक भाग मानला पाहिजे.

ही साफसफाई कशी करावी, तिच्यात कोणत्या साधनाला अग्रक्रम द्यावा आणि त्यासाठी ग्रामपंचायतीला व शाळेला काय करता येईल, याची माहिती येथे दिली आहे.

खारे पाणी नेमके काय करते?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील बहुतेक भाग नेहमीच्या मिठाचा असला, तरी मॅग्नेशियमचे क्षारही त्यात असतात व ते हवेतील ओलावा शोषून घेतात. त्यामुळे खाऱ्या पाण्याने भिजलेली वस्तू वरवर वाळलेली दिसली, तरी दमट हवेत पुन्हा ओलसर होते. लोखंडाला गंज चढण्यासाठी पाणी आणि हवा ही दोन्ही लागतात. क्षारांमुळे त्या ओलाव्यातून विद्युतप्रवाह सहज वाहतो आणि गंजण्याची क्रिया वेगाने होते. शिवाय क्षारांतील क्लोराइड हा घटक धातूवरील संरक्षक थर भेदतो. न गंजणारे म्हणून ओळखले जाणारे पोलादही खाऱ्या पाण्यात बारीक खड्डे पडून खराब होऊ शकते, ते याच कारणाने.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात राहिले, तर त्यांची एक प्रकारची बॅटरी तयार होते. पितळी पंखा आणि पोलादी दांडा ही जोडी याचे नेहमीचे उदाहरण होय. अशा जोडीत एक धातू वाचतो आणि दुसरा झिजतो. पोलाद झिजू नये म्हणून नौकेच्या बुडाला जस्ताचे ठोकळे बसविण्यात येतात. जस्त स्वतः झिजते आणि पोलादाला वाचवते. या ठोकळ्यांवर रंग चढविल्यास त्यांचा उपयोग संपतो, ही गोष्ट रंगकाम करणाऱ्यांच्या ध्यानी नेहमीच असते असे नाही. ठोकळा अर्धा झिजला म्हणजे तो बदलावा.

सुताच्या जाळ्यापासून नायलॉनपर्यंत

जाळी पूर्वी सुताची, अंबाडीची किंवा तागाची असत. हे तंतू वनस्पतिजन्य असल्यामुळे पाण्यातील जिवाणू ते कुजवीत. त्यावर उपाय म्हणून ऐनासारख्या झाडांच्या सालीचा काढा करून त्यात जाळी बुडविण्याची रीत किनाऱ्यावर होती. सालीतील तुरट द्रव्यामुळे तंतूंना जिवाणूंपासून काही काळ संरक्षण मिळे. मात्र हा काढा वारंवार द्यावा लागे. रापणीसारखे लांबलचक जाळे रंगविणे व वाळविणे हे साऱ्या वाडीचे काम असे. जाळे ओले ठेवले तर ते कुजणार, हे लहान मुलालाही ठाऊक होते.

गेल्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकांपासून नायलॉन आणि त्यामागोमाग पॉलिइथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांचे धागे आले. कोची येथे १९५७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने जाळ्यांच्या धाग्यांविषयी केलेल्या संशोधनाचा या बदलात महत्त्वाचा वाटा आहे. नवे धागे कुजत नाहीत. त्यामुळे सालीचा काढा गेला आणि त्याबरोबर जाळे वाळविण्याची शिस्तही ढिली झाली. ‘नायलॉनला काय होते?’ असा समज रूढ झाला. तो अर्धाच खरा आहे.

नायलॉन कुजत नाही, परंतु उन्हाने झिजते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण धाग्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. धागा प्रथम फिका पडतो, मग खरखरीत होतो आणि शेवटी गाठीपाशी तुटू लागतो. बारीक धाग्याच्या जाळ्यांवर हा परिणाम लवकर दिसतो, कारण त्यांच्या जाडीच्या मानाने उघडा पृष्ठभाग अधिक असतो. पूर्वी सुताचे जाळे दिवसभर उन्हात पसरणे हा शहाणपणा होता. नायलॉनच्या जाळ्याच्या बाबतीत तीच सवय नुकसानीची ठरते.

जाळ्यांची साफसफाई

जाळ्यांचा दुसरा शत्रू म्हणजे घर्षण. वाळू, शिंपल्यांचे तुकडे, खेकड्यांच्या नांग्या व वाळलेल्या मिठाचे खडे धाग्यांत अडकतात आणि जाळे ओढताना करवतीसारखे काम करतात. डोलीच्या जाळ्याचा शेवटचा भाग, म्हणजे खोला, बारीक आसाचा असतो. त्यात जवळा, चिखल आणि शेवाळ अडकून आस बुजले की भरती-ओहोटीच्या प्रवाहाचा ताण वाढतो व जाळे फाटते. म्हणून जाळ्यांच्या बाबतीत पुढील क्रम पाळणे हिताचे आहे.

पहिली गोष्ट, मासळी काढून झाल्यावर जाळे मोकळ्या समुद्राच्या स्वच्छ पाण्यातच खळबळून घ्यावे. बंदराच्या आतील पाण्यात डिझेल व तेलाचा तवंग असतो. तेथे धुतलेले जाळे अधिक मळते आणि त्याला चिखल चिकटतो.

दुसरी गोष्ट, किनाऱ्यावर जाळे वाळूत न ओढता बांबूच्या मांडवावर किंवा दांडीवर टाकावे. काटेरी कचरा हाताने काढावा. धुण्याच्या सोड्यासारखी तीव्र द्रव्ये वापरण्याची गरज नाही. ब्लीचिंग पावडर नायलॉनच्या जाळ्याला मुळीच लावू नये, कारण तिच्यातील क्लोरीन नायलॉनच्या धाग्याला इजा करते.

तिसरी गोष्ट, जाळे सावलीत आणि वाऱ्यावर वाळवावे. मांडवावर झापांचे छप्पर असले तरी पुरते. सावलीची सोय नसेल तर पाणी निथळेपर्यंत उघड्यावर ठेवून नंतर ते झाकावे.

चौथी गोष्ट, वाळत घालतानाच जाळे तपासावे. एक आस तुटला असेल तर चपट्या सुईने तो सांधण्यास थोडा वेळ लागतो; तोच पुढच्या फेरीत हातभर भगदाड होतो. धाग्याची ताकद अजमावण्यासाठी जुन्या जाळ्याचा आणि त्याच जातीच्या न वापरलेल्या धाग्याचा एकेक तुकडा ओला करून हाताने ताणून पाहावा. फरक स्पष्ट जाणवला, तर तो भाग बदलण्याची वेळ आली असे समजावे.

गोड्या पाण्याचा प्रश्न

साधने गोड्या पाण्याने धुवावीत, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. परंतु किनाऱ्यावरील अनेक गावांत एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्यासाठीच रांगा लागतात. तेथे शंभर हात लांबीचे जाळे विहिरीच्या पाण्याने धुवा असे सांगणे व्यवहार्य नाही आणि योग्यही नाही. म्हणून पाण्याचा अग्रक्रम ठरवून घेतला पाहिजे.

नायलॉन व पॉलिइथिलीन यांच्यावर मिठाचा रासायनिक परिणाम जवळजवळ होत नाही. तेव्हा जाळ्यांसाठी स्वच्छ समुद्राचे पाणी आणि सावली एवढ्यावर बहुतांशी भागते. धातूचे तसे नाही. त्यामुळे उपलब्ध गोडे पाणी प्रथम इंजिनाला, नंतर गळ, साखळ्या, कप्प्या, तारदोर आणि अवजारांना द्यावे. आणि उरल्यास ते जाळ्यांसाठी वापरावे.

थोड्या पाण्यात अधिक मीठ काढण्याची एक साधी युक्ती आहे. समजा, दोर आणि गळांच्या एका भाऱ्यात ५ लिटर समुद्राचे पाणी अडकले आहे. त्यात सुमारे १७५ ग्रॅम क्षार असतील. तो भारा ४० लिटर गोड्या पाण्यात एकदाच बुडवून काढला, तर त्याच्यात सुमारे १९ ग्रॅम क्षार उरतात. तेच पाणी २० लिटरच्या दोन पिंपांत विभागून भारा आधी एकात आणि निथळून मग दुसऱ्यात बुडविला, तर केवळ ७ ग्रॅम उरतात. पाणी तेवढेच, पण उरलेले मीठ निम्म्याहून कमी. दुसऱ्या भाऱ्यासाठी नवे पाणी आणण्याऐवजी दुसऱ्या पिंपातील पाणी पहिल्यात वापरावे आणि फक्त दुसरे पिंप ताजे भरावे.

इंजिन आणि लोखंडी सामान

आउटबोर्ड इंजिन समुद्राचेच पाणी आत घेऊन थंड होते. फेरी संपल्यावर हे पाणी आतल्या नळ्यांत राहिले, तर क्षार साचून वाट बुजते आणि इंजिन तापते. म्हणून इंजिनाचा खालचा भाग गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून, उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ते काही मिनिटे मंद गतीने चालवावे. त्यानंतर इंजिन उभे ठेवून पाणी निथळू द्यावे. हे काम करताना पंखा फिरता राहणार नाही याची काळजी घेणे आवश्यक आहे.

आत बसविलेल्या डिझेल इंजिनाच्या बाबतीत समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपाची रबरी चक्री, गाळणी आणि नळ्यांचे जोड नियमित पाहावेत. गाळणीत प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ अडकल्याने भर समुद्रात इंजिन बंद पडणे हा जिवावरचा प्रसंग ठरू शकतो. इंजिनावर बादलीने पाणी ओतू नये. ओल्या फडक्याने क्षार पुसून मग कोरड्या फडक्याने पुसावे आणि उघड्या धातूवर तेलाचा पातळ हात द्यावा. काढलेले जुने तेल खाडीत न सोडता डब्यात साठवावे.

गळ गोड्या पाण्यात बुडवून, पूर्ण वाळवून, किंचित तेल लावून ठेवावेत. तारदोराला व कप्प्यांना ग्रीस लावण्यापूर्वी ते धुऊन वाळविणे महत्त्वाचे आहे. मिठावरच ग्रीस चोपडले, तर ओलावा आत कोंडला जातो आणि वरून चकचकीत दिसणारा तारदोर आतून गंजतो.

मासळीच्या पेट्या आणि खण

मासळी व बर्फ ठेवण्याचे खण आणि पेट्या यांची स्वच्छता हा मालाच्या दराशी निगडित असलेला विषय आहे. आधी रक्त व चिकटा ब्रशने घासून काढावा, कारण घाण राहिली तर क्लोरीन तिच्यातच खर्ची पडते. मग दहा लिटर पाण्यात साधारण ३ ते ४ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर विरघळवून त्या पाण्याने पेट्या धुवाव्यात आणि काही वेळाने स्वच्छ पाणी फिरवावे. हे पाणी नायलॉनच्या जाळ्यांवर उडणार नाही असे पाहावे.

पावसाळ्यातील साठवण

पावसाळी मासेमारी बंदीचा काळ अलीकडील वर्षांत १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवसांचा राहिला आहे. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा कामाला लागणाऱ्या साधनांचे भवितव्य या मुक्कामातच ठरते. लाकडी होडी किनाऱ्यावर ओढून वाळविल्याने लाकूड पोखरणारे सागरी जीव मरतात. बुडावरील शिंपले खरवडून भेगा बुजविण्यास व रंगरंगोटीस हाच काळ सोयीचा असतो. जाळी पूर्ण वाळवून, जमिनीपासून वर, हवेशीर माळ्यावर टांगावीत. मासळीचा वास राहिलेले जाळे उंदीर कुरतडतात. बॅटरी जाळ्यांजवळ ठेवू नये. तिच्यातील आम्लाचे थेंब नायलॉन जाळून टाकतात. चूल आणि ठिणग्या यांपासूनही जाळी दूर असावीत.

पंचायत आणि शाळा यांचे कार्य

यांतील काही सोयी एकट्यादुकट्या मच्छीमाराच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. जाळी विणण्याच्या व वाळविण्याच्या शेडला छप्पर असावे, त्या छपरावरील पावसाचे पाणी टाकीत साठावे, जुन्या तेलासाठी पिंप असावे आणि फाटक्या जाळ्यांसाठी जागा ठरवून दिलेली असावी, ही कामे ग्रामपंचायत व मच्छीमार सहकारी संस्था यांनी मिळून हाती घेण्यासारखी आहेत. टाकाऊ जाळी समुद्रात टाकल्यास ती वर्षानुवर्षे मासे व कासवे अडकवीत राहतात. नायलॉन जाळल्यास विषारी वायू निघतात. गोळा करून विकल्यास मात्र त्याचा पुनर्वापर होऊ शकतो.

शिक्षकांना वर्गातच एक प्रयोग करून दाखविता येईल. तीन खिळे घेऊन एक गोड्या पाण्यात व दोन समुद्राच्या पाण्यात भिजवावेत. समुद्राच्या पाण्यातील एक खिळा गोड्या पाण्याने धुऊन पुसावा आणि तिन्ही आठवडाभर उघडे ठेवावेत. न धुतलेल्या खिळ्यावरील गंज विद्यार्थी स्वतः पाहतील आणि ती गोष्ट घरी जाऊन सांगतील. ज्या तरुणांना इंजिनाची देखभाल व जाळी बांधणीचे रीतसर शिक्षण घ्यावयाचे असेल, त्यांनी मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षण केंद्रांबाबत जिल्हा कार्यालयात चौकशी करावी.

नवी नौका व नवे जाळे यांसाठी कर्ज आणि साहाय्य मिळविण्यात मच्छीमार कुटुंबांची आणि यंत्रणेचीही बरीच शक्ती खर्च होते. तितकेच लक्ष हाती असलेली साधने टिकविण्याकडे दिले गेले, तर कर्जफेडीनंतरही एक-दोन हंगाम तेच जाळे कामी येईल आणि त्या हंगामांचे उत्पन्न पूर्णपणे घरात राहील.