अप्रेंटिसशिप: अर्ज मुलांचा, चौकशी पालकांची

नोकरी नव्हे, शिक्षण

शिकाऊ उमेदवारी म्हणजेच अप्रेंटिसशिप १९६१च्या कायद्याने चालते. किमान वय १४ वर्षे. धोकादायक उद्योगांत १८. कायद्याच्या लेखी अप्रेंटिस हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. त्याला पगार नाही, विद्यावेतन मिळते. मुदत संपल्यावर कायम करण्याचे बंधनही कंपनीवर नसते. म्हणून 'किती मिळणार?' याच्या आधी 'काय शिकवणार?' हे विचारायला हवे.

जागा कुठे शोधाल?

३० किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. त्यामुळे जवळच्या एमआयडीसीतही चौकशी करा. 'अप्रेंटिसशिप इंडिया' या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून ट्रेड आणि ठिकाणानुसार जागा शोधता येतात. आयटीआयमधल्या बीटीआरआय (मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना) केंद्रातही माहिती मिळते.

एसटी आणि महावितरणच्या विभागीय जाहिरातींवर लक्ष ठेवा. मध्य रेल्वे दहावीला किमान ५० टक्के आणि आयटीआय झालेल्या, १५ ते २४ वयाच्या उमेदवारांना घेते. तिथे लेखी परीक्षा नाही. दोन्हीकडच्या गुणांच्या सरासरीवर यादी लागते. माझगाव डॉकमध्ये मात्र आठवी आणि दहावी उत्तीर्णांसाठीही वेगळे गट असतात आणि परीक्षा द्यावी लागते.

अर्जाआधी कागद जुळवा

आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक पासबुक यांवरचे नाव व जन्मतारीख ताडून पाहा. फरक असेल तर जाहिरात येण्याआधीच दुरुस्ती करून घ्या. विद्यावेतनातला सरकारी वाटा थेट खात्यात येतो, म्हणून खाते मुलाच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले हवे. जातीचा दाखला, फोटो आणि सही स्कॅन करून ठेवा.

फॉर्म मात्र मुलानेच भरावा. आयटीआयच्या प्रॅक्टिकलमध्ये कोणकोणते जॉब केले, कोणती मशीन हाताळली, हे त्याला मुलाखतीत स्वतः सांगता आले पाहिजे.

करार वाचूनच सही

मूल अठराच्या आतले असेल तर करारावर पालकांची सही लागते. ट्रेड कोणता, मुदत किती, विद्यावेतन किती, हे त्यात पाहा. शिकवणार कोण, हेही विचारा. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते. उमेदवाराने करार मोडला तर प्रशिक्षणाचा खर्च त्याच्याकडून किंवा पालकांकडून मागितला जाऊ शकतो.

'जागा मिळवून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाला थारा देऊ नका. सरकारी भरतीचे शुल्क असलेच तर ते जाहिरातीत छापलेले असते.

प्रमाणपत्र हातात घ्या

ठरलेल्या ट्रेडमध्ये शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत रेल्वेतच अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखीव आहेत. मध्येच चार पैसे जास्तीचे काम मिळाले, तरी ही परीक्षा देऊनच बाहेर पडावे.