विश्लेषण : दाढीचा साबण घरी बनवता येतो का? महाडच्या कारखान्यांशी त्याचा काय संबंध?

रासायनिक कारखान्यात काम करणाऱ्यासाठी दाढी हा केवळ टापटिपीचा विषय नसतो. विषारी वायू किंवा वाफांपासून बचाव करणारा घट्ट बसणारा मुखवटा चेहऱ्याला चिकटून राहावा लागतो. मुखवट्याच्या कडेखाली दाढीचे खुंट आले तर फट राहते आणि दूषित हवा आत शिरते. त्यामुळे असा मुखवटा जिथे लागतो, तिथे पाळीला जाण्यापूर्वी गुळगुळीत दाढी करणे हा सुरक्षेचाच भाग ठरतो. महाड औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने आहेत. रोज ब्लेड फिरले की आग होणे, पुरळ येणे, केस कातडीत वळणे हे त्रास सुरू होतात. म्हणूनच ‘मेल्ट अँड पोअर’ बेस वापरून घरी बनवता येणारा दाढीचा साबण समजून घेण्यासारखा आहे.

मेल्ट अँड पोअर बेस म्हणजे काय?

तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्या रासायनिक क्रियेतून साबण तयार होतो. कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळे जाळू शकतो, त्यामुळे घरच्या स्वयंपाकघरात हे काम धोक्याचे आहे. मेल्ट अँड पोअर बेसमध्ये ही क्रिया कारखान्यातच पूर्ण झालेली असते. तयार साबणात ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, साखर यांसारखे घटक मिसळल्याने तो साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि गार झाला की पुन्हा घट्ट होतो. घरी करायचे ते एवढेच : वितळवायचे, मिसळायचे, ओतायचे.

आंघोळीच्या साबणाने दाढी का नीट होत नाही?

दाढीचा केस पाणी शोषतो आणि दोन-तीन मिनिटांत मऊ पडतो. ओला केस कापायला कोरड्या केसापेक्षा बराच कमी जोर लागतो. फेसाचे काम हे पाणी केसाला धरून ठेवणे आणि ब्लेडला घसरण देणे हे असते. खोबरेल तेलाच्या साबणाचा फेस पटकन आणि भरपूर येतो, पण त्याचे बुडबुडे मोठे असतात आणि लवकर विरतात. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण जास्त असते. त्याचा फेस दाट, सायीसारखा आणि टिकाऊ असतो. शिवाय त्यात सोडियमबरोबर पोटॅशियमचा साबणही असतो. तो पाण्यात सहज विरघळतो, म्हणून ब्रश फिरवताच फेस धरतो.

साध्या बेसपासून बनवलेला साबण या मुरलेल्या दाढीच्या साबणाची पूर्ण बरोबरी करत नाही. मात्र माती आणि ग्लिसरीन यांच्या मदतीने तो बराच जवळ नेता येतो. बेस घेताना वेष्टनावरील घटक वाचावेत. पोटॅशियम स्टिअरेट असलेला बेस मिळाला तर तो दाढीसाठी अधिक चांगला.

कृती काय?

• साहित्य : बेस २५० ग्रॅम, कॉस्मेटिक दर्जाची बेंटोनाइट माती अर्धा ते एक चहाचा चमचा, ग्लिसरीन एक चहाचा चमचा, सुगंध जास्तीत जास्त अडीच ग्रॅम, म्हणजे एक टक्का.
• माती आधी ग्लिसरीनमध्ये घोटून घ्यावी. कोरडी माती थेट टाकली तर गुठळ्या होतात.
• बेसचे छोटे तुकडे करून भांड्यात घ्यावेत आणि ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावे. थेट आचेवर ठेवू नये. उकळी आली तर पाणी उडून साबण चिवट होतो.
• वितळल्यावर मातीचे मिश्रण हळूहळू ढवळावे. जोरात ढवळले तर हवेचे बुडबुडे अडकतात.
• गॅस बंद करून मिश्रण थोडे निवले की सुगंध घालावा.
• रुंद तोंडाच्या स्टीलच्या वाटीत किंवा चिनी मातीच्या कपात ओतून रात्रभर ठेवावे.

बेंटोनाइटऐवजी मुलतानी माती चालते, कारण दोन्ही एकाच प्रकारच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या माती आहेत. पण ती बारीक आणि सौंदर्यप्रसाधनासाठीची असावी. खडे असलेली माती ब्लेडखाली आली तर ओरखडे पडतात. एक चमच्याहून जास्त माती घातली तर फेस कमी होतो.

स्टिअरिक अॅसिड वरून घातले तर?

दाट फेसाच्या हौसेने अनेकांना हा मोह होतो, पण त्याचा उलटा परिणाम होतो. स्टिअरिक आम्लाचा साबण होण्यासाठी त्याला अल्कली लागते. तयार बेसमध्ये ती शिल्लक नसते. त्यामुळे आम्ल तसेच मेणासारखे राहते आणि असलेला फेसही दाबून टाकते. त्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरावे लागते, म्हणजे पुन्हा भाजण्याचा धोका आलाच. घरी हा प्रयोग टाळलेला बरा.

सुगंधाचे महाड कनेक्शन काय?

पुरुषांच्या अत्तरांमध्ये आणि दाढीच्या प्रसाधनांमध्ये जो लिंबासारखा, लॅव्हेंडरची झाक असलेला ‘ताजा’ वास येतो, त्यामागे अनेकदा डायहायड्रोमायरसेनॉल हे रसायन असते. १९८२ मधील ‘ड्राकार नुआर’ आणि १९८८ मधील ‘कूल वॉटर’ या अत्तरांनी हा वास जगभर पोहोचवला. पाइनच्या लाकडापासून कागदाचा लगदा करताना टर्पेंटाइन हे उपउत्पादन मिळते. त्यातील पिनीनवर प्रक्रिया करून हे रसायन बनते. महाड औद्योगिक वसाहतीतील प्रिव्ही स्पेशालिटी केमिकल्स ही कंपनी टर्पेंटाइनपासून अशी सुगंधी रसायने बनवते आणि डायहायड्रोमायरसेनॉल हे तिच्या प्रमुख उत्पादनांपैकी एक आहे.

मात्र कारखान्यातील सुगंधी रसायन आणि चेहऱ्यावर वापरायचा सुगंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औद्योगिक रसायन कोणी बाटलीत भरून दिले तरी साबणात घालू नये. साबणासाठीचा, वापराची मर्यादा लिहिलेला सुगंधच घ्यावा. ‘नैसर्गिक’ तेलेही निर्धोक नसतात. त्यातील लिनालूल, लिमोनीनसारखे घटक हवेत राहून बदलले की अॅलर्जी होऊ शकते. नवा साबण आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून, धुऊन दोन दिवस वाट पाहावी. रोज दाढी करणाऱ्याने सुगंध वगळला तरी काही बिघडत नाही.

पावसाळ्यात साबणाला ‘घाम’ का येतो?

ग्लिसरीन हवेतील ओलावा ओढून घेते. महाड-पोलादपूरच्या पावसाळी हवेत साबणावर थेंब दिसले तर तो खराब झाला असे नव्हे. साबण गार होताच प्लास्टिकमध्ये गुंडाळावा. वापरातला कप पाणी निथळून कोरड्या जागी ठेवावा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त असेल तर फेस न येता पांढरा साका धरतो. अशा वेळी नळाचे किंवा गाळलेले पावसाचे पाणी वापरून पाहावे.

बचत गटाला तो विकता येईल का?

घरच्या वापरासाठी बनवायला परवाना लागत नाही. विक्रीसाठी बनवायचा असेल तर मात्र सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू होतात आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादन परवाना घ्यावा लागतो. तयार बेस वितळवून ओतला, म्हणजे ‘आम्ही काही बनवले नाही’, अशी समजूत करून घेणे महागात पडू शकते. वेष्टनावर घटक, उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि परवाना क्रमांक द्यावा लागतो. स्वतःची जागा व यंत्रणा नसलेल्यांसाठी परवानाधारक कारखान्यात माल बनवून घेण्याचा ‘लोन लायसन्स’चा मार्ग नियमांत आहे. जत्रेत किंवा प्रदर्शनात स्टॉल लावण्याआधी ही चौकशी केलेली चांगली. साबण बनवायला एक संध्याकाळ पुरते, कागदपत्रांना मात्र वेळ लागतो.