जुन्या ओम्नीचा ब्रेक जाम झालाय? आधी नेमकं काय अडकलंय ते शोधा

मोबाईल हँग झाला की आपण रीस्टार्ट मारतो. जुन्या व्हॅनचा ब्रेक जाम झाला की बरेच जण तसंच करतात. गंज सोडवणारा स्प्रे मारायचा, ड्रमवर दोन हातोडे घालायचे आणि निघायचं. चाक सुटतं, पण चार दिवसांत पुन्हा धरतं.

आमच्या घरी 2009 ची मारुती ओम्नी आहे. 1984 साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेली ही गाडी 2019 पर्यंत बनत होती, म्हणून गावागावात अजून दिसते. आमच्या गाडीला पुढे डिस्क, मागे ड्रम. पावसाळ्यात आठवडाभर उभी राहिली की काहीतरी अडकतंच.

प्रश्न फक्त मायलेजचा नाही. धरलेला ब्रेक तापतो आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते. नवीन डॉट 3 ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि जुनं झालं की ही मर्यादा 140 अंशांपर्यंत उतरू शकते. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, आणि घाट उतरताना पेडल थेट तळाला जातं.

कोणतं चाक धरतंय ते कसं ओळखायचं? ब्रेक कमीत कमी वापरत चार-पाच किलोमीटर चालवा, मग प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या. लावू नका, भाजेल! जे जास्त गरम, ते संशयित. सपाट जागी बाकीच्या चाकांना दगड लावा, गाडी जॅकवर घेऊन स्टँडवर टेकवा, न्यूट्रल करा आणि चाक हाताने फिरवा.

पुढचं चाक अडलं असेल तर माझी आवडती युक्ती: कॅलिपरचा निपल थोडा सैल करा. ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता. एकाच चाकाला असं होत असेल तर संशय रबरी होजवर. तो आतून फुगतो, बाहेरून धड दिसतो. काहीच फरक पडला नाही, तर पिन किंवा पिस्टन जाम आहे. पिन साफ करून ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर पॉलिश पेपर घासत बसू नका, बदला. होज आणि पिस्टन मी स्वतः मिस्त्रीकडेच देतो. निपल गंजलेला असेल तर रात्रभर गंज सोडवणारं तेल मुरू द्या आणि सहा कोनांचाच सॉकेट लावा, नाहीतर तो तुटलाच समजा.

मागे बहुतेकदा हॅन्डब्रेकची केबल गंजते. म्हणून पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा, हॅन्डब्रेक ओढू नका. ड्रम निघत नसेल तर त्यावरची दोन आट्यांची भोकं बघा. त्यात 8 मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने आवळले की ड्रम सरळ बाहेर येतो. आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

आता मोबाईल काढा! स्प्रिंगला हात लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, आणि एका वेळी एकच बाजू उघडा. स्प्रिंगची जागा विसरलात तर दुसरं चाक नमुन्याला आहेच.

सगळं बसवलं, निपलमधून हवा काढली, की गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. मागे ढकललेला पिस्टन जागेवर यायला चार-पाच दाब लागतात, तोवर गाडीला ब्रेकच नसतो.