ओपीजीवर आधी दात मोजतात

आठ वर्षांच्या मुलाचा ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एकत्रित एक्स-रे, पहिल्यांदा पाहताना आईबाप हमखास दचकतात. दातांखाली दात, त्यांच्याखाली आणखी दात आणि प्रत्येकाभोवती काळं कडं. ‘डॉक्टर, हे जास्तीचे दात आहेत की गाठी?’ बहुतेक वेळा दोन्ही नसतं. या वयात तोंडात साधारण २४ दात असतात, १२ दुधाचे आणि १२ पक्के. शिवाय सुळे, उपदाढा आणि दुसऱ्या दाढा मिळून १६ दात हाडात तयार होत असतात. म्हणजे अक्कलदाढा सोडूनही एका फोटोत ४० दात. काळं कडं ही वाढत्या दाताची हक्काची जागा. अर्धवट वाढलेल्या मुळाच्या टोकाशीही असाच काळा डाग दिसतो आणि नवखा माणूस त्याला पू ठरवून मोकळा होतो. अशा वेळी दुसऱ्या बाजूचा तोच दात पाहावा. तिथेही तसाच डाग असेल, तर बहुधा मूळ वाढतंय, एवढंच.

‘आमच्याकडे सगळ्यांचेच दात उशिरा येतात, याचाही येईल.’ हाडात दात असेल तर बहुधा येईल. पण अक्कलदाढा वगळल्या तरी शंभरात पाच-सहा जणांना एखादा पक्का दात मुळात तयारच झालेला नसतो. बहुधा खालची दुसरी उपदाढ, नाहीतर वरच्या दोन मधल्या दातांशेजारचा एखादा. हे घराण्यात चालतं. त्यामुळे ‘उशिरा दात येणाऱ्या’ काकांचं तोंड तपासलं, तर कधीकधी त्यांचीही दुधाची दाढ चाळिशीत तशीच टिकून असलेली सापडते!

उलट घाईही होते. खालची दुसरी उपदाढ काही मुलांत फार रेंगाळते, सातव्या-आठव्या वर्षी कुठे तिचा मागमूस दिसू लागतो. सहाव्या वर्षीच्या फोटोवरून ‘ही येणारच नाही’ असं सांगणं मला पटत नाही. अक्कलदाढेची सुरुवातच सात ते दहाच्या दरम्यान होते, तेव्हा आठव्या वर्षी ती न दिसण्याला काही अर्थ नाही. फोटोवर मुलाचं वय लिहिलेलं नसेल तर मोजणीही फुकट.

पुढच्या दातांमधली फट सात-आठ वर्षांच्या मुलांत सर्रास असते आणि सुळे आले की बहुधा बुजते. ती पाहून लगेच तार बसवायला धावू नये. मात्र एका बाजूचा मधला दात येऊन सहा महिने झाले आणि जोडीदाराचा पत्ता नाही, तर फोटो काढायलाच हवा. वाटेत अनेकदा शंकूसारखा लहान जास्तीचा दात आडवा आलेला असतो, कधी चक्क उलटा, टोक नाकाकडे करून. इथे ‘ओपीजी काढला म्हणजे सगळं दिसलं’ हा समज नडतो. ओपीजीत नेमका पुढचा भाग धूसर येतो, त्यावर मणक्याची सावली पडते. म्हणून त्या जागेचा छोटा एक्स-रे घेतात, आणि नळी थोडी बाजूला सरकवून आणखी एक. नळी सरकली त्याच दिशेला तो दात सरकलेला दिसला तर तो टाळूकडे आहे, विरुद्ध सरकला तर ओठाकडे.

‘कीड नाही, मग पू कसा?’ हा प्रश्न घेऊन येणारे रुग्ण सर्वांत गोंधळलेले असतात, आणि त्यांचा गोंधळ रास्त असतो. वरच्या मधल्या दाताशेजारचा दात, दिसायला स्वच्छ, पण हिरडीवर पुळी. दाताच्या मागे पाहिलं तर बारीकशी खाच. एक्स-रेत मात्र हातमोज्याचं बोट आत ढकलावं तसा एनॅमलचा शुभ्र थर दाताच्या पोटात शिरलेला दिसतो. दात घडतानाच ही घडी पडते. ओहलर्स यांनी १९५७ मध्ये तिचे तीन प्रकार सांगितले: माथ्यापुरती थांबणारी, मुळात उतरणारी आणि मुळाला आरपार जाऊन बाहेर उघडणारी. खाचेतून जंतू आत जातात आणि बाहेर कीड न दिसता नस मरते. असा दात सापडला की पलीकडचाही तपासावा. तिथेही खाच निघाली आणि नस जिवंत असली, तर खाच बुजवून दात वाचवता येतो.

जोडदात म्हणजे दोन दात चिकटलेले, असं सगळेच धरून चालतात. पुन्हा मोजणी. जोड एक धरून संख्या पूर्ण भरली, तर बहुधा एकाच अंकुराने दुभंगायचा प्रयत्न केला. एक दात कमी भरला, तर दोन जुळले. जास्तीचा दात शेजाऱ्याला जुळला असेल तर मात्र हे गणित फसतं.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, त्यामुळे तिकडे पिवळे-तपकिरी दात दिसले की पाण्याला दोष देऊन विषय संपतो. बरेचदा तो बरोबरही असतो. पण दुधाचे दातही करडे-तपकिरी असतील आणि एक्स-रेत माथा फुगीर, मान आवळलेली व नसेची पोकळी जवळजवळ बुजलेली दिसली, तर हा डेंटिनचा आनुवंशिक दोष आहे. मग वारंवार हाड मोडतं का, हेही विचारावं लागतं, कारण हाडं ठिसूळ असण्याच्या एका आजारात दात असेच असतात.

दात घेऊन जन्मलेल्या बाळाला मामाच्या मुळावर आलेलं समजतात आणि दात उपटून टाकायची घाई करतात. असे दहातले नऊ दात बाळाचे स्वतःचे दुधाचेच असतात, फक्त लवकर आलेले. ते एक्स-रेवरून कळतं. फार हलत असेल किंवा दूध पिताना त्रास होत असेल तरच काढायचा. मामा सुखरूप राहतो.

किरणांची भीती थोडक्यात: १८९६ मध्ये जर्मनीत ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला तेव्हा २५ मिनिटं लागली. आज छोट्या एक्स-रेला क्षणाचा अंश लागतो, आणि ओपीजीतून मिळणारी मात्रा निसर्गातून दोन-चार दिवसांत मिळते तेवढीच. म्हणून प्रत्येक मुलाचा ओपीजी काढत सुटावं असं नाही. दहाव्या वर्षी वरच्या हिरडीवर बोट फिरवून सुळ्याचा उंचवटा लागतो का पाहावं. लागला नाही, किंवा एकाच बाजूला लागला, तर फोटो काढावा. सुळा टाळूकडे वळलेला वेळीच कळला, तर नुसता दुधाचा सुळा काढून टाकल्यावर पुष्कळदा पक्का आपणहून वाटेवर येतो. एरिक्सन आणि कुरोल यांनी हे १९८८ मध्ये दाखवून दिलं.