पाचशे सत्त्याऐंशी मीटर

मनालीहून निघालेली गाडी सोलंगच्या वर धुंडीला अटल बोगद्यात शिरते आणि दहा-बारा मिनिटांत लाहौलमध्ये, तेलिंग गावाजवळ बाहेर पडते. अलीकडे देवदार आणि पावसाळी ढग, पलीकडे उघडेबोडके डोंगर आणि खाली चंद्रा नदी. मधले नऊ किलोमीटर पर्यटक बहुतेक करून खिडकीबाहेर मोबाइल धरून आरडाओरडा करण्यात घालवतात. त्यांचाही दोष नाही, कारण आत पाहण्यासारखं फारसं काही नाहीच. दिवे, झडपा, सुटकेच्या वाटेचे हिरवे फलक आणि गुळगुळीत काँक्रीट. दक्षिणेच्या तोंडापासून साधारण दोन किलोमीटर आत गेल्यावर एक टप्पा लागतो. दिसायला तोही बाकीच्या बोगद्यासारखाच. लांबी ५८७ मीटर. गाडी तो अर्ध्या-पाऊण मिनिटात ओलांडते. खोदणाऱ्यांना त्याला जवळजवळ चार वर्षं लागली.

दहा हजार फुटांच्या वरचा जगातला सर्वांत लांब महामार्ग बोगदा, असं या ९.०२ किलोमीटरच्या बोगद्याचं वर्णन केलं जातं. पण त्यातून फार काही कळत नाही. लांबी ही बोगद्याची सर्वांत कमी बोलकी गोष्ट. डोंगराने कुठे अडवलं, किती काळ अडवलं आणि माणसांनी त्यावर काय केलं, यात खरी हकिगत असते.

आधी गरज काय होती ते पाहू. बोगद्याच्या वर पीर पंजाल रांगेतला रोहतांगचा घाट आहे, ३,९७८ मीटर उंचीवर. नोव्हेंबरात तो बर्फाने मिटायचा आणि मेपर्यंत, कधी त्याहूनही पुढे, उघडायचा नाही. म्हणजे पलीकडचं लाहौल वर्षातले पाच-सहा महिने जगापासून तुटलेलं. मटार आणि बटाटा ही तिथली नगदी पिकं. घाट बंद होण्याआधी माल खाली उतरला तर उतरला. हिवाळ्यात कुणी आजारी पडलं तर सरकारी हेलिकॉप्टरची वाट पाहायची आणि ते हवामानावर अवलंबून. ज्यांना थांबणं शक्य नसे ते घाट पायी ओलांडत. त्यांच्यासाठी अलीकडे मढीला आणि पलीकडे कोकसरला दर हिवाळ्यात बचाव पथकं बसवावी लागत. लाहौलचे टशी दावा हे अटलबिहारी वाजपेयींचे जुने स्नेही. ते आपल्या सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये दिल्लीला जाऊन पंतप्रधानांना भेटले, ते या बोगद्यासाठीच. पुढच्याच वर्षी कारगिलचं युद्ध झालं, श्रीनगर-लेह रस्ता पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात आला आणि लडाखला जाणारी दुसरी वाट लष्करालाही तातडीची वाटू लागली. जून २००० मध्ये वाजपेयींनी लाहौलमधल्या केलाँगला बोगद्याची घोषणा केली. २००२ मध्ये कोनशिला बसली, पण ती बोगद्यापर्यंत जाणाऱ्या रस्त्याची. बोगद्याचं काम प्रत्यक्षात सुरू व्हायला २०१० उजाडलं. त्या जूनमध्ये सोनिया गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. सीमा रस्ते संघटनेसाठी ते काम ऑस्ट्रियाची स्ट्राबाग आणि मुंबईची अ‍ॅफकॉन्स या दोन कंपन्यांनी मिळून घेतलं होतं. अंदाज होता सुमारे दीड हजार कोटींचा आणि मुदत २०१५ ची.

आता खडकाकडे येऊ, कारण इथे आपल्या मराठी वाचकाची कल्पना थोडी फसते. आपल्याला बोगदा म्हटलं की सह्याद्री आठवतो. बोरघाट, कसारा किंवा अलीकडचा इगतपुरीजवळचा समृद्धी महामार्गाचा सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा. सह्याद्री म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला बसाल्ट, एकावर एक जवळजवळ आडवे पसरलेले थर. तिथेही पाणी लागतं, मऊ थर लागतात, कष्ट आहेतच. पण पुढच्या शंभर मीटरमध्ये काय असेल याचा अंदाज भूगर्भशास्त्रज्ञ बऱ्यापैकी बांधू शकतो. हिमालय वयाने लहान आणि अजून हलता. भारताचा भूखंड उत्तरेकडे रेटतोच आहे, त्यामुळे खडकांना घड्या पडल्या, ते उभे झाले, उलटे झाले, जागोजागी तुटले आणि तुटलेल्या कडा एकमेकींवर घासून त्यांचं पीठ झालं. रोहतांगखाली क्वार्टझाइट, शिस्ट, नाइस असे खडक आहेत. ते कुठे किती शाबूत आहेत हे आधी कळायला वरून भोकं पाडून नमुने काढावे लागतात. इथे बोगद्याच्या डोक्यावर काही ठिकाणी एकोणीसशे मीटर डोंगर. एवढी खोल भोकं, तीही नऊ किलोमीटरभर, कोण पाडणार? दोन्ही तोंडांजवळ तपासणी झाली. मधल्या भागाबद्दल पृष्ठभागावरच्या खुणांवरून तर्क करायचा होता.

म्हणूनच टीबीएम, म्हणजे आपल्या मेट्रोसाठी वापरतात ते गोल पात्याचं अजस्र यंत्र, इथे वापरलं नाही. एकसारख्या जमिनीत ते झपाझप जातं. पण अचानक भुसभुशीत जमीन लागली, तर ते मागेही घेता येत नाही आणि पुढेही जात नाही. शेजारच्याच कुल्लू खोऱ्यात पार्वती जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यात असं यंत्र पाणी आणि गाळाच्या लोंढ्यात गाडलं गेलं होतं आणि तो प्रकल्प त्यानंतर वर्षानुवर्षं रखडला. रोहतांगला जुनी, हाताशी राहणारी पद्धत निवडली. सुरुंग लावायचे आणि लगेच आधार द्यायचा.

या पद्धतीला ‘न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड’ म्हणतात. ऑस्ट्रियाचे अभियंते राबसेविच यांच्या नावाशी ती जोडली जाते. तिच्यामागचा विचार मोठा देखणा आहे. डोंगराचा भार पेलायला आपण कितीही जाड भिंत बांधली तरी अपुरीच. पण पोकळीभोवतालच्या खडकाला थोडं हलू दिलं आणि वेळेवर धरलं, तर तोच स्वतःची कमान करून भार पेलतो. सगळं कसब ‘थोडं’ आणि ‘वेळेवर’ या दोन शब्दांत. काम असं चालतं: खोदाईच्या टोकाला, कामगारांच्या भाषेत ‘फेस’ला, यंत्राने लांब भोकं पाडायची, त्यांत स्फोटकं भरायची, सगळ्यांनी मागे यायचं, स्फोट करायचा. मग पंख्यांनी धूर बाहेर काढेपर्यंत थांबायचं. छताला लोंबकळणारे दगड पाडायचे, राडारोडा डंपरने बाहेर न्यायचा. उघड्या खडकावर शॉटक्रीट, म्हणजे दाबाने फवारलेलं काँक्रीट मारायचं, पोलादी कमान उभी करायची, खडकात आत खोल बोल्ट ठोकायचे. आणि मग मोजायचं. भिंती किती मिलिमीटर आत सरकल्या? सरकणं मंदावतंय की वाढतंय? त्या आकड्यावर पुढच्या फेरीची लांबी ठरते. चांगल्या खडकात एका फेरीत तीन-चार मीटर मिळतात. कामाच्या नोंदवहीत मीटरपेक्षा मिलिमीटरला मान, असं बोगद्याच्या कामावर सर्रास दिसतं.

दक्षिणेकडून पहिले दोनेक किलोमीटर ठीक गेले. मग सेरी नाला आला.

हा नाला वर डोंगरावरून वाहतो, नकाशात होता, अभियंत्यांना माहीतही होता. तो वाहतो ती रेषा मुळात खडकातल्या भेगेची. पाणी नेहमी अशीच कच्ची जागा शोधतं. पण खाली बोगद्याच्या पातळीवर तो कच्चेपणा किती रुंद आणि किती ओला आहे, हे आत गेल्यावरच कळलं. फेसवर खडक राहिलाच नाही. दगडगोटे, माती, चिखल आणि त्यातून दिवसाला लाखो लिटर पाणी. ओल्या मुरमाने भरलेल्या पोत्याला खालून भोक पाडावं, तसं झालं. जितकं काढावं तितकं वरून येतच राही. इथे स्फोट करायचा प्रश्नच नव्हता, कारण फोडायला घट्ट काही नव्हतं. आणि ‘खडकालाच भार पेलू द्या’ हे तत्त्व खडकच नसेल तर काय कामाचं?

मग उलटा क्रम धरला. आधी आधार, मग खोदाई. छताच्या कडेने पुढच्या मातीत पोलादी नळ्यांची रांग घुसवायची, अशी की खोदण्याआधीच डोक्यावर छत्र तयार होईल. त्या नळ्यांतून सिमेंट आणि रसायनांचा घोळ दाबाने आत सोडायचा, म्हणजे आजूबाजूची माती थोडी बांधली जाईल. पाण्याला निचऱ्यासाठी लांब भोकं पाडून वाट करून द्यायची, कारण अडवलेलं पाणी दाब वाढवतं आणि एक दिवस सगळं घेऊन येतं. फेसही एकदम उघडायचा नाही. वरचा भाग, बाजूचा भाग, मधला गाभा, असे तुकडे करून एकेक उकरायचा आणि लगेच शॉटक्रीटने बंद करायचा. एवढं करूनही मधूनच फेस कोसळायचा, आठवड्यांचं काम मातीखाली जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून नळ्या. कित्येक दिवस मीटरभरही पुढे सरकता येत नसे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटायचं, काम थांबलंय. वर्तमानपत्रांत तशा बातम्याही आल्या.

उत्तरेकडून तरी जोर लावायचा ना? तीच तर खोच होती. उत्तरेच्या तोंडाशी जायचा रस्ता रोहतांगवरूनच. हिवाळ्यात घाट बंद, म्हणजे तिकडे सिमेंट, डिझेल, स्फोटकं, माणसं काहीच पोचणार नाही. त्यामुळे उत्तरेचं काम वर्षातले मोजकेच महिने चाले आणि बोगद्याचा मोठा वाटा दक्षिणेकडूनच खोदावा लागला, सेरी नाल्याच्या पोटातून. ज्या अडचणीवर हा बोगदा उपाय होता, तीच अडचण त्याच्या बांधकामाला सात वर्षं नडत राहिली. ऑक्टोबर २०१७ मध्ये दोन्ही बाजू एकदाच्या भिडल्या. ३ ऑक्टोबर २०२० रोजी उद्घाटन झालं तेव्हा खर्च ३,२०० कोटींच्या आसपास गेला होता. आपल्याकडे असा आकडा दिसला की पहिला शब्द येतो तो ‘दिरंगाई’. भूसंपादन, परवानग्या, निविदा यांत गेलेल्या वर्षांना तो शब्द जरूर लावावा. या प्रकल्पातही घोषणा आणि कुदळ यांत दहा वर्षं गेली, त्याचा जाब विचारायला हरकत नाही. पण सेरी नाल्यातल्या वर्षांना नाही. तिथे घाई केली असती तर माणसं गेली असती. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडात सिल्क्याऱ्याचा अर्धवट बोगदा खचला आणि ४१ कामगार १७ दिवस आत अडकले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच.

खोदून झालेला बोगदा हे निम्मंच काम. नऊ किलोमीटरच्या नळीत हजारो गाड्या धूर सोडणार, तोही तीन हजार मीटर उंचीवर. तिथे हवा विरळ, डिझेल नीट जळत नाही, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. म्हणून घोड्याच्या नालेच्या आकाराचा हा बोगदा खरं तर तीन मजली आहे. वरच्या मजल्यावर, म्हणजे छताच्या स्लॅबच्या पाठीमागे, हवेचा मार्ग आणि झडपा. मधे आठ मीटर रुंदीचा दुपदरी रस्ता. आणि रस्त्याच्या खाली ३.६ मीटर रुंद, २.२५ मीटर उंच अशी अग्निरोधक सुटकेची वाट, जी बहुतेक प्रवाशांना ठाऊकही नसते.

या खालच्या वाटेचं महत्त्व युरोपने फार मोठी किंमत मोजून शिकवलं. २४ मार्च १९९९ रोजी फ्रान्स-इटलीमधल्या ११.६ किलोमीटरच्या माँ ब्लाँ बोगद्यात मैदा आणि मार्गारिन नेणारा ट्रक पेटला. ३९ माणसं गेली, त्यातली बहुतेक धुराने, आपापल्या गाडीत किंवा गाडीजवळच. १९६५ साली खुल्या झालेल्या त्या बोगद्यात सुटकेची वेगळी वाट नव्हती. दोन वर्षांनी स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड बोगद्यात दोन ट्रक धडकून आग लागली, ११ जण गेले; पण तिथे शेजारून समांतर सुरक्षा बोगदा होता, त्यातून अनेक जण निसटले. खालच्या सुटकेच्या वाटेखेरीज अटल बोगद्यात दर दीडशे मीटरवर फोन आणि दर साठ मीटरवर आग विझवायचा नळ आहे.

आणि बर्फाचं काय? बोगद्याने घाटावरचं बर्फ टाळलं, तोंडाशी येणारं नाही. धुंडीकडचा रस्ता हिमकड्यांच्या वाटेत येतो. तिथे हिमस्खलन थोपवायच्या रचना कराव्या लागल्या. तरीही जोरदार हिमवृष्टी झाली की आत रस्ता कोरडा आणि बाहेर गाड्या घसरताहेत, असं दर हिवाळ्यात होतं. बोगद्याचं गणित दिवसाला तीन हजार मोटारी आणि दीड हजार ट्रक असं धरलेलं. डिसेंबर २०२३ मध्ये नाताळच्या सुट्टीत एका दिवसात २८ हजारांवर गाड्या त्यातून गेल्याची नोंद आहे. त्यांत एमएच पाटीच्या गाड्या किती हे कुणी मोजलं नसावं, पण मनालीचं आपलं प्रेम पाहता कमी नसणार. लाहौलच्या लोकांनी दवाखाना, शाळा आणि मटाराच्या पोत्यांसाठी मागितलेली वाट सोबत हे सगळंही घेऊन आली. हिवाळ्यातले त्यांचे देवकार्याचे दिवस शांततेत पार पडावेत म्हणून लाहौलमधल्या सिस्सूच्या गावकऱ्यांनी त्या काळात पर्यटन बंद ठेवायचा निर्णय घेतला. मला तो अगदी रास्त वाटतो.

लेहचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरनी कमी झालं, पण पुढे बारालाचा, लाचुलुंग, तांगलांग हे घाट रोहतांगहून उंच आहेत आणि हिवाळ्यात ते बंदच असतात. त्यावर तोड म्हणून लाहौलमधल्या दारच्यापासून झंस्करमार्गे लेहजवळच्या निमूला जाणाऱ्या रस्त्यावर ‘शिंकू ला’ या घाटाखाली बोगदा खोदला जातोय. २६ जुलै २०२४ रोजी त्याचा पहिला सुरुंग उडाला. काश्मीरकडून झोजिला घाटाखालच्या तेरा किलोमीटरहून लांब बोगद्याचंही काम चालू आहे. शिंकू लाचा बोगदा ४.१ किलोमीटरचाच, अटल बोगद्याच्या निम्म्याहून कमी, पण तो साडेपंधरा हजार फुटांच्याही वर आहे. तिथे एकाऐवजी दोन नळ्या शेजारीशेजारी असतील आणि त्या दर पाचशे मीटरवर आडव्या वाटांनी जोडलेल्या असतील, म्हणजे एकीत आग लागली तर माणसं दुसरीतून बाहेर पडतील.