नॅशव्हिलचे बिननावाचे उस्ताद

एका कलावंतानं दुसऱ्यापुढे खुलेपणानं हात टेकावेत आणि त्याचंच गाणं लोकप्रिय व्हावं, असं क्वचितच घडतं. न्यूयॉर्कच्या 'द लव्हिन स्पूनफुल' या बँडनं १९६६ च्या अखेरीस 'नॅशव्हिल कॅट्स' काढलं आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ते बिलबोर्डच्या पॉप यादीत आठव्या क्रमांकावर पोचलं. जाझवाल्यांच्या बोलीत 'कॅट' म्हणजे मुरलेला वादक. गाणं नॅशव्हिलच्या अशाच कंट्री वादकांचं गुणगान करतं, पण नाव मात्र एकाचंही घेत नाही.

गीतकार-गायक जॉन सेबॅस्टियन ग्रीनिच व्हिलेजमध्ये वाढलेला, पक्का शहरी. वडील हार्मोनिकावर शास्त्रीय संगीत वाजवणारे. दौऱ्यावर असताना नॅशव्हिलच्या एका हॉटेलच्या बारमध्ये त्यानं आणि बँडचा गिटारवादक झाल यानोव्स्की यानं एका वादकाला ऐकलं, आणि दोघांची बोलती बंद झाली. सेबॅस्टियननं त्याचं गाणं केलं. गावातले गिटारवादक त्यानं शिरगणती केल्याच्या थाटात १,३५२ मोजले आणि त्यांतला कोणीही आपल्याहून दुप्पट सरस, असं सांगून टाकलं. कौतुकाच्या भरात सन रेकॉर्ड्सच्या पिवळ्या तबकड्याही त्यानं नॅशव्हिलच्या खात्यावर मांडल्या. ती कंपनी तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या मेम्फिसची!

प्रत्यक्षात त्या काळात नॅशव्हिलच्या बहुतेक ध्वनिमुद्रणांचा भार मोजक्याच वादकांवर होता. त्यांना 'ए-टीम' म्हणत. गिटारवर ग्रेडी मार्टिन, हँक गार्लंड, हॅरोल्ड ब्रॅडली. बासवर बॉब मूर. ड्रमवर बडी हार्मन. पियानोवर फ्लॉइड क्रेमर आणि लहानपणीच दृष्टी गमावलेला हार्गस 'पिग' रॉबिन्स. गायक बदलत, साथीला हीच मंडळी. तबकडीवर मात्र बहुधा गायकाचंच नाव छापलं जाई.

साधारण तीन तासांचं एक सेशन आणि त्यात तीन-चार गाणी, अशी कामाची रीत. स्वरलेखनाचे कागद आधी पाठवायला वेळ नसे. गाणं एकदा ऐकायचं, कोण कुठे वाजवणार हे आपसात ठरवायचं आणि सुरू करायचं. 'जॉर्डनेअर्स' या गायकचमूतल्या नील मॅथ्यूजनं कॉर्डना नावांऐवजी आकडे देण्याची पद्धत बसवली. चार्ली मॅककॉय आणि इतरांनी ती वाद्यांसाठी रूढ केली. मूळ स्वराची कॉर्ड एक, मग चार, पाच. गायकाला पट्टी झेपली नाही तरी कागद तोच राहतो. आपल्याकडे काळी एकऐवजी पांढरी पाच धरली तरी सरगम बदलत नाही, तसंच हे.

बिघाडातूनही हे लोक काम काढत. मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याच्या वेळी मिक्सिंगच्या यंत्रातला एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनची बास गिटार फाटक्या, घरघरत्या आवाजात मुद्रित झाली. तो आवाज तसाच ठेवला. १९६१ मध्ये गाणं गाजलं. इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी तसाच आवाज मुद्दाम काढणारं यंत्र घडवलं, गिब्सननं ते 'फझ-टोन' या नावानं विकलं आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ते जगानं ऐकलं. कंट्रीला गावंढळ म्हणणाऱ्या कित्येकांनी तो आवाज डोक्यावर घेतला, पण तो कुठून आला हे त्यांच्या गावीही नव्हतं.

'नॅशव्हिल कॅट्स' आलं त्याच वर्षी बॉब डिलननंही 'ब्लाँड ऑन ब्लाँड' या अल्बमसाठी नॅशव्हिल गाठलं. तो स्टुडिओत बसून गीत लिहीत असे आणि वादक पत्ते खेळत वाट बघत. मग मध्यरात्रीनंतर अकरा मिनिटांचं गाणं, तेही कुठे संपणार याची कल्पना नसताना, त्यांनी सलग वाजवून दिलं.

कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमनं २०१५ मध्ये या वादकांवर प्रदर्शन भरवलं, तेव्हा डिलन आणि कंट्री गायक जॉनी कॅश यांच्या जोडीला शीर्षकात 'नॅशव्हिल कॅट्स' हे शब्द घेतले. खरी पावती मात्र त्याच्या कितीतरी आधी मिळाली होती. कंट्रीतल्याच ब्लूग्रास शैलीचे दिग्गज लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्ज यांनी हे गाणं स्वतः मुद्रित केलं. ज्यांच्या बिरादरीची स्तुती शहरातल्या पोरांनी गायली, त्यांनीच ती बँजोवर वाजवून दाखवली, तीही अर्थातच सरस.